जर्मनीत घरच्या अंगणात सायलेन्सर बदलला: नट-बोल्टपासून नोंदणीच्या कागदापर्यंत

जर्मनीत गाडीला दुसऱ्या कंपनीचा सायलेन्सर बसवायचा विषय काढला की ओळखीतली माणसं दोनपैकी एक वाक्य बोलतात. "भानगडीत पडू नकोस, पोलिस गाडी जप्त करतात", नाहीतर "काही होत नाही, बिनधास्त बसव." मला दोन्ही सल्ले मिळाले. दोन्हींत माहिती अशी काही नव्हती. २०२३ च्या वसंतात मी हे काम बोब्लिंगनमधल्या भाड्याच्या घराच्या अंगणात स्वतः केलं, कागदपत्रं रीतसर करून घेतली आणि २०२४ च्या वसंतात गाडी दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीतूनही पार पडली. मध्ये बरीच धाकधूक होती. मराठीत कुणी हे लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नाही, म्हणून तपशिलात लिहिते आहे.

गाडी माझ्दा एमएक्स-५, २०१७ ची. दोन सीट, हाताने मागे टाकायचं कापडी छत, दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, १६० हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद. चालवायला इतकी जिवंत गाडी, पण मूळ सायलेन्सर तिचा आवाज फार दाबून टाकतो. छत उघडं असतानाही इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या पुढे वाऱ्याचाच आवाज जास्त. मला गल्ली दणाणून सोडणारी गाडी नको होती. आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत, शेजारी तान्हं बाळ आहे आणि मी सकाळी लवकर कामाला निघते. गाडी पळत असताना तिचा सूर कानावर यावा आणि घराजवळ ती शहाण्यासारखी वागावी, एवढीच इच्छा होती. सायलेन्सर निवडण्याआधी हे स्वतःशी स्पष्ट करून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून ठरतात.

पॉवर वाढते का, हा प्रश्न सगळे विचारतात. फक्त मागचा सायलेन्सर बदलून जाणवेल इतकी वाढत नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर पुढे इंजिनाजवळ असतात, त्यांना या कामात हात लागत नाही. त्यामुळे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्येही काही बदलावं लागत नाही. बदलतो तो आवाज, आणि थोडं वजन.

फेब्रुवारीत मी सांगलीला दादाला फोन केला. त्याचं कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप आहे, मशिनवर हात बसलेला माणूस. तो आधी घाबरलाच. "अगं, इथं बुलेटचे फटफट सायलेन्सर पोलिस काढून घेतात आणि रोडरोलरखाली घालतात. तू परक्या देशात हे कशाला?" त्याची भीती खोटी नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा भारतातून हे वाचणाऱ्यांनी माझं बघून तिथे काही बसवू नये. जर्मनीत कायदा तितकाच कडक आहे, पण बदल करायचा कायदेशीर रस्ता त्याने आखून दिलेला आहे. तो रस्ता पकडला तर भीतीचं कारण उरत नाही. मला तो समजून घ्यायलाच फेब्रुवारी आणि निम्मा मार्च लागला.

बाजारात मिळणारे सायलेन्सर कागदाच्या दृष्टीने तीन प्रकारांत मोडतात. पहिल्यावर वर्तुळात 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा कोरलेला असतो. जर्मनीचा १, नेदरलँड्सचा ४. त्यापुढे ५९ आर ने सुरू होणारा क्रमांक. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा ५९ वा नियम बदली सायलेन्सरसाठीच आहे. ही खूण आणि तुमच्या गाडीचं मॉडेल प्रमाणपत्रात असेल तर बसवा, प्रमाणपत्र गाडीत ठेवा, विषय संपला. दुसऱ्या प्रकारासोबत 'टाइलेगुटआख्टेन' येतं, म्हणजे तो भाग अमुक गाड्यांवर तपासला आहे असा तज्ज्ञांचा अहवाल. हा बसवला की लगेच तपासनिसाकडे जाऊन बदल मंजूर करून घ्यावा लागतो. त्या मंजुरीला 'एन्डरुंग्सआबनामे' म्हणतात. तिसऱ्या प्रकारासोबत काहीच येत नाही. जाहिरातीत तळाला बारीक अक्षरांत 'फक्त मोटरस्पोर्टसाठी' किंवा 'रस्त्यावर वापरास परवानगी नाही' असं लिहिलेलं असतं. असा भाग बसवून रस्त्यावर आलात तर गाडीची 'बेट्रीब्सएरलाउबनिस', म्हणजे रस्त्यावर धावण्याची परवानगीच रद्द होते. मग दंड होतो तो वेगळाच, पण अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद घालायची वेळ येऊ शकते. मला सगळ्यात देखणा वाटलेला सेट, इंजिनाला लागून असलेल्या हेडर पाइपापासून शेवटच्या टोकापर्यंत सगळा चकचकीत, याच तिसऱ्या प्रकारातला होता. किंमतही मोहात पाडणारी होती. तो मी सोडला. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने गाडीच्या परवान्याशी असा खेळ करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मला जो आवडला तो दुसऱ्या प्रकारातला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या एमएक्स-५ वर मी तो प्रत्यक्ष ऐकला होता. व्हिडिओवर सायलेन्सर निवडू नका. फोनच्या माइकमधून सगळेच छान वाटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते पैसे भरण्याआधी करायचं. नोंदणीचा जो कागद आपण गाडीत बाळगतो ('त्सुलासुंग्सबेशाइनिगुंग टाइल आइन्स', थोडक्यात टाइल आइन्स) त्यावर 'के' या रकान्यात गाडीच्या युरोपीय प्रकारमान्यतेचा क्रमांक असतो आणि 'डी.२' मध्ये प्रकार, व्हेरिएंट, व्हर्जन. अहवालाच्या तक्त्यात नेमका हाच 'के' चा क्रमांक आणि प्रकार शोधायचा. "एमएक्स-५ साठी" एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याच नावाच्या चार पिढ्या रस्त्यावर आहेत, आणि माझ्या पिढीतच १.५ आणि २ लिटर अशी दोन इंजिनं आहेत. उत्पादक अहवालाची पीडीएफ मागितल्यावर पाठवतात. जो पाठवायला टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नये. अहवालातल्या अटीही वाचायच्या. माझ्या अहवालात लिहिलं होतं की पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मधला पाइप मूळचाच हवा. म्हणजे आधी कुणी मधला पाइप बदललेली जुनी गाडी तुम्ही घेतली असेल तर हा अहवाल तुमच्या कामाचा नाही. गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा असतील तर त्याचंही आधी विचारा.

ती पीडीएफ आणि टाइल आइन्सचा फोटो मी जवळच्या तपासणी केंद्राला ईमेल केला आणि साध्या जर्मनमध्ये विचारलं, हा भाग बसवून आणला तर तुम्ही मंजूर कराल का. माझं जर्मन बी-१ म्हणजे मध्यम पातळीचं, त्यामुळे फोनपेक्षा ईमेल सोयीचा. उत्तर आठवड्याच्या आतच आलं: कागद बरोबर आहेत, बसवल्यावर अपॉइंटमेंट घेऊन या, अहवाल छापून आणा. ते वाचल्यावर छातीवरचा दगड उतरला. या चौकशीचे पैसेही पडले नाहीत.

२२ मार्चला, पाडव्याच्या दिवशी, ऑर्डर टाकली. पोस्टेजसकट ६४० युरो. हे लोक ऑर्डर आल्यावर वेल्डिंग करतात, त्यामुळे तीन-चार आठवडे थांबा असं आधीच सांगितलं होतं. तो वेळ बाकीच्या तयारीत गेला. माझ्दाच्या डीलरकडून नवं पॅकिंग आणि नवे नट, २३ युरो. बुटका ट्रॉली जॅक आणि उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या, १४० युरो. गंज सोडवणारा स्प्रे, तांब्याची पेस्ट, ब्रेक क्लीनर, वायर ब्रश आणि हँगरचे रबर ओढून काढायची खास पक्कड, सगळं मिळून ४५ युरो. गॅरेजवाल्याने नुसत्या बसवणावळीचे १८० सांगितले होते. म्हणजे हत्यारं विकत घ्यावी लागणार असतील तर पहिल्या कामात घरी करून काही वाचत नाही. हत्यारं मात्र आपली राहतात, आणि आपली गाडी खालून कशी दिसते ते एकदा कळतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. आमच्या करारात अंगणात गाडीची दुरुस्ती करायला मालकाची परवानगी लागते असं कलम आहे. त्यांची काळजी असते ती तेल जमिनीत मुरण्याची. मी ईमेलमध्ये लिहिलं की तेलाचं काम नाही, खाली पुठ्ठे अंथरीन, आवाजाचं काम शनिवारी दिवसाच करीन. दोन ओळींची लेखी परवानगी मिळाली. रविवारी जर्मनीत ठोकाठोक करायचीच नाही, आणि आमच्या गृहनियमांत दुपारी एक ते तीन शांतता पाळायची आहे. कामाचा दिवस या हिशोबाने बांधावा लागतो. कुणाकडे अंगणच नसेल तर तासावर लिफ्ट भाड्याने देणारी वर्कशॉपं असतात. ताण कमी हवा असेल तर तोही चांगला मार्ग आहे.

खोकं एप्रिलच्या मध्यावर आलं. उघडल्यावर आधी अहवालातला क्रमांक आणि सायलेन्सरवर कोरलेला क्रमांक ताडून बघितला. जुळला. मगच तपासणी केंद्राची मंगळवार, २५ एप्रिलची अपॉइंटमेंट पक्की केली आणि काम २२ एप्रिलच्या शनिवारी ठेवलं. हा क्रम मुद्दाम ठेवला. बसवल्यानंतर मंजुरी मिळेपर्यंत गाडी एरवी फिरवायची नसते, मंजुरीसाठी केंद्रापर्यंत जायला तेवढी मुभा असते. बसवून दोन आठवडे अपॉइंटमेंटची वाट बघत गाडी उभी ठेवायची वेळ कुणावर येऊ नये. आईला फोनवर तारीख सांगितली तर ती खूश. ऑर्डर पाडव्याला आणि काम अक्षय्य तृतीयेला, साडेतीन मुहूर्तांतले दोन न ठरवता साधले होते.

शुक्रवारी संध्याकाळी, गाडी पूर्ण गार असताना, खाली पुठ्ठ्यावर आडवी झाले. मधल्या पाइपाला सायलेन्सर जिथे जोडलेला असतो तिथे दोनच नट आहेत, चौदाच्या गोटीचे (सॉकेटचे). सहा हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ त्यांच्यावर बसलेलं. दादाने फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली होती: नट अडकतो तो बाहेर उरलेल्या आट्यांच्या गंजावर. तो सुटायला लागला तरी बाहेर येताना त्याच गंजावर पुन्हा आवळत जातो आणि मग बोल्ट तुटतो. म्हणून आधी वायर ब्रशने बाहेरचे आटे चकचकीत करायचे आणि मग स्प्रे मारायचा. तसंच केलं, झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा स्प्रे मारला.

आता सुरक्षेबद्दल, आणि हा भाग कृपया सोडून वाचू नका. माझ्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. ताकदही मागच्याच चाकांना, म्हणजे गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीला अडवतात तीही मागचीच चाकं. सायलेन्सरसाठी मागची बाजू उचलली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी. गाडीला जागेवर धरतात त्या फक्त पुढच्या चाकांच्या उट्या, म्हणजे चाकाखाली सारायच्या पाचरी. पुढची दोन्ही चाकं, दोन्ही बाजूंनी, चार उट्या लावल्या. जमीन सपाट आहे की नाही ते लेव्हलने बघितलं. जॅक फक्त उचलायला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोड्या लावून गाडी त्यांच्यावर टेकवली, मग बाजूने दोन्ही हातांनी जोरात हलवून बघितली. हलली नाही. काढलेली चाकं कडेला आडवी करून गाडीखाली सरकवली, म्हणजे घोडी निसटलीच तरी गाडी चाकावर अडेल. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की मी खाली असेन तोवर त्याने अंगणातच थांबायचं. इतकं करूनही पहिल्यांदा गाडीखाली सरकताना माझे हात गार पडले होते. टन-सव्वा टनाचं लोखंड छातीच्या वर असतं, भीती वाटणारच. थोडा वेळ मी नुसतीच पडून राहिले आणि पाइप कुठून कुठे जातात ते बघत राहिले. मग बरं वाटलं.

पहिला नट लांब दांड्याच्या पान्याने सुटला. दुसरा हलेना. तेवढ्यात पलीकडचे आजोबा कुंपणाशी आले. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले, आता निवृत्त. त्यांनी विचारलं, "गोटी सहा कोनांची आहे ना तुमची?" होती. बारा कोनांची असेल तर गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकते. मग म्हणाले, "सोडवायच्या आधी जरा आवळा." आवळायच्या दिशेला केसभर जोर दिला तर कट्ट असा आवाज झाला आणि गंज सुटला. तिथून पुढे पाव फेरा सोडवायचा, थोडा परत आवळायचा, स्प्रे मारायचा, पुन्हा सोडवायचा. घाई केली असती तर बोल्ट तुटला असता आणि ड्रिल मारून काढावा लागला असता. ज्योत वापरायचा विचार कुणी करत असेल तर करू नये. या गाडीची पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, तिथून फार लांब नाही. एकच्या आत दोन्ही नट हातात होते. मग जेवण आणि शांततेचे दोन तास.

तीननंतर रबरं. सायलेन्सर गाडीला लटकतो तो रबरी हँगरांवर, आणि जुनी रबरं लोखंडी दांड्याला धरून बसलेली असतात. त्यांना साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे लावायचा. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि सैल पडतं. शेवटचं रबर काढण्याआधी खाली खोक्यांचा आधार दिला आणि नवऱ्याने एक बाजू धरली. एकट्याने करू नका, जुना डबा अंदाजापेक्षा जड असतो. थोडा तिरका करत तो बाहेर काढला आणि नवा शेजारी ठेवला. जुन्याच्या पोटात कप्पे असतात, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. नव्यात भोकाभोकांचा सरळ पाइप आणि त्याभोवती आवाज शोषून घेणारी लोकर. आवाजाचा पोत बदलतो तो यामुळे.

नवा बसवताना पहिला नियम: काहीही घट्ट करायचं नाही. नवं पॅकिंग, आट्यांना तांब्याची पेस्ट (पुढच्या वेळी सोडवताना आपणच स्वतःला धन्यवाद देऊ), नट नुसते हाताने फिरवलेले, रबरं चढवलेली. मग मागे जाऊन बंपरच्या खाचेत दोन्ही टोकं मधोमध आणि सारखी बाहेर आहेत का ते बघायचं. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. तोंडापाशी दोन-तीन मिलिमीटर वाकडं दिसत असलं तर दुरुस्ती पुढे जोडापाशी करावी लागते, म्हणून खाली-वर चालूच. आणि दिसण्यापेक्षा महत्त्वाची जागा आहे ती बंपरच्या प्लास्टिकपासूनच्या फटीची. स्टीलचा पाइप तापला की लांबतो. मीटरभर स्टेनलेस पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण ५ मिलिमीटर वाढतो. गार असताना सुबक चिकटून बसलेलं टोक गरम झाल्यावर प्लास्टिक वितळवू शकतं. सगळीकडे बोटभर जागा ठेवली, मग पत्रकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने नट आवळले. शेवटी सगळा सायलेन्सर ब्रेक क्लीनरने पुसला. स्टेनलेसवर राहिलेले बोटांचे ठसे पहिल्या तापण्यात कायमचे भाजून बसतात.

गाडी खाली उतरवली, चाकांचे नट टॉर्कला आवळले आणि मोकळ्या अंगणात स्टार्ट केली. बंद गॅरेजात हे करू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरुवातीला थोडा धूर निघाला. तो कारखान्यातल्या तेलाचा, दहाएक मिनिटांत थांबला. जोडावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघितलं. आले नाहीत. आणि आवाज? स्टार्टला एक खोल हुंकार, मग जवळजवळ पूर्वीसारखाच शांत. शेजारच्या बाळाची आई खिडकीत होती, तिने अंगठा दाखवला. त्या संध्याकाळी मला झालेला आनंद दादाला फोनवर नीट सांगताही आला नाही.

मंगळवारी केंद्रावर. तपासनिसाने गाडी लिफ्टवर घेतली, कोरलेला क्रमांक अहवालाशी ताडला, फटी बघितल्या, रबरं हलवून बघितली. मग आवाज मोजला. टोकापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात माइक ठेवून, टाइल आइन्सच्या 'यू.२' रकान्यात लिहिलेल्या फेऱ्यांवर इंजिन स्थिर धरतात आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडतात. आलेला आकडा 'यू.१' मधल्या आकड्याशी ताडून बघतात. माझा २ डेसिबलने जास्त आला, आणि त्यांच्या सवलतीत बसला. मी घामाघूम झाले होते, तो शांतपणे टाइप करत होता. ६२ युरो, आणि हातात मंजुरीचा कागद. मिळाल्याबरोबर त्यावरचा गाडीचा क्रमांक आणि चॅसिस नंबर तिथेच वाचून घ्या.

त्या कागदावर शेवटी लिहिलेलं असतं की टाइल आइन्समध्ये नोंद लगेच करायची की पुढच्या कुठल्यातरी कामाच्या वेळी केली तरी चालेल. माझ्या कागदावर दुसरा पर्याय होता, म्हणजे कागद गाडीत ठेवला तरी पुरे. तरीही मी नोंद करून घेतली, कारण सुटा कागद हरवतो. नोंदणी कार्यालयाची अपॉइंटमेंट मेच्या मध्याची मिळाली. परदेशी नागरिकांनी लक्षात ठेवायची गोष्ट: आपल्या पासपोर्टवर जर्मनीतला पत्ता नसतो, त्यामुळे पासपोर्टसोबत पत्त्याच्या नोंदणीचा दाखला न्यावा लागतो. शिवाय टाइल आइन्स, मंजुरीचा कागद आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल. गाडी कर्जावर असेल तर नोंदणीच्या कागदाचा दुसरा भाग बँकेकडे असतो, तो लागेल का हे आधी विचारून घ्या. कार्यालयागणिक उत्तर बदलतं. १२ युरो भरले, नवा कागद छापून मिळाला आणि २२ व्या रकान्यात माझ्या सायलेन्सरची ओळ आली. त्याच दिवशी विमा कंपनीला स्कॅन पाठवला. हप्त्यात बदल नाही, नोंद घेतली, असं लेखी उत्तर आलं. ते उत्तर जपून ठेवलं आहे.

दोनएकशे किलोमीटर झाल्यावर, गाडी गार असताना, नट पुन्हा टॉर्कला तपासले. एक किंचित फिरला. नवं पॅकिंग तापून-गार होऊन दबतं, म्हणून हे करायचंच.

मेच्या शेवटी बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटकडे जाणाऱ्या बी-५०० रस्त्यावर, ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून, छत उघडं टाकून गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर तिचा सूर चढत जातो, तोच मला हवा होता. एक उणीवही सांगायला हवी. ऑटोबानवर ताशी १२० ला सहाव्या गिअरमध्ये हे इंजिन ३००० फेऱ्यांच्या आसपास असतं. चार सिलिंडरचा हिशोब केला तर स्फोटांची वारंवारता १०० हर्ट्झ येते, आणि नेमकी तिथे छत बंद असताना केबिनमध्ये घूं अशी गुणगुण भरते. ११० वर किंवा १३० वर ती विरते. रोज ऑटोबानवर तासभर जाणाऱ्याने आधी अशा गाडीत बसून तो वेग ऐकावा आणि मगच पैसे घालावे. मला महिन्यातून एखाद्या वेळीच तसं जावं लागतं, मला चालतं.

२०२४ च्या तपासणीत वेगळ्या केंद्रातला वेगळा तपासनीस होता. त्याने खाली वाकून सायलेन्सर बघितला आणि कागद मागितला. मी २२ व्या रकान्यावर बोट ठेवलं. त्याने कोरलेला क्रमांक टॉर्चने वाचला, मान हलवली आणि ब्रेककडे वळला. तोवर मीठ खाऊन कोरलेले आकडे पुसट होऊ लागले होते, म्हणून आता दर हिवाळ्यानंतर ती जागा मऊ ब्रशने साफ करते. क्रमांक वाचता आला नाही तर अहवालाशी ताडून बघायला काही उरत नाही. जुना सायलेन्सर टाकलेला नाही. त्याचे नट आणि रबरं पिशवीत भरून, चिठ्ठी लावून तळघरात ठेवली आहेत. गाडी विकताना घेणाऱ्याला मूळचाच हवा असला तर तो देता येईल, आणि तेव्हा २२ व्या रकान्यातली ओळ काढून घ्यायला पुन्हा नोंदणी कार्यालयात जावं लागेल.